माझ्या बापाची तसबीर आणि मुंजाजी

मुंजाजीची लेक सुनीता जिंतूरला शाळेत शिकवते. बापानं जमवलेले फोटो, जुने कागद, पेपरातली कात्रणं यांचं आमच्या भावकीसाठी पुस्तक करायचं तिनं मनावर घेतलंय. परवा आली, पाया पडली आणि म्हणाली, मोठेबापू, आमच्या बापूबद्दल तुम्हीच लिहा. मी म्हणलं, मला दुसरीच्या पुढं शाळा नाही. ती म्हणाली, बोलता तसं लिहा, मी नीट करून घेईन. मी म्हणलं, नीट करायचं असलं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घे. माझं जसंच्या तसं लावायचं, नाही तर लावायचंच नाही. ती हसली आणि कोरे कागद ठेवून गेली. बापासारखीच आहे. समोरच्याला रागावू द्यायचं आणि आपलं काम काढून न्यायचं.

तवा आधीच सांगून ठेवतो. मुंजाजी माझा चुलतभाऊ, माझ्याहून एका पावसाळ्यानं लहान. एका अंगणात वाढलो. तो मला दादा म्हणायचा, मी त्याला मुंजा. जन्मभर मी त्याच्यावर जळलो आणि तो गेला तरी ते जळणं थांबलेलं नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची पद्धत आहे. ती ज्यांना जमते त्यांनी लिहावं.

मुंजा कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीकडं बघायचा, मग माणसाकडं. भिंतीवर जुनी तसबीर दिसली की त्याचा चहा थंड व्हायचा. खाली काढू का, असं एकदा विचारायचा आणि उत्तर यायच्या आत स्टुलावर चढलेला असायचा. फोटो हातात आला की त्यातलं तोंड नंतर, आधी तो उलटा करायचा. "पाठीमागं काय लिवलंय?" हा त्याचा पहिला सवाल. बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसायचं. मग खिशातून पेन्सिल काढून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, हा कोण, कुणाचा, कुठं काढला, हे बारीक अक्षरात लिहायचा. पेन कधी नाही. पेनाची शाई पुढून फुटते म्हणायचा. फोटोला हात लावायच्या आधी हात असा धुवायचा जसा काही देवाला बसायलाय.

तहसिलीतली कारकुनी संपवून तो गावी आला तो तीन लोखंडी संदुका घेऊन. एकीत फोटो, एकीत कागद, एकीत कात्रणं. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, आणि फोटो एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लेकरांना लावायची पावडर. त्यामुळं मुंजाच्या अंगाला कायम बाळंतिणीच्या खोलीचा वास यायचा. मी त्याला तसं तोंडावर म्हणायचो. तो म्हणायचा, "दादा, मी बाळंतीणच हाय. फक्त माझ्यापशी म्हातारी माणसं जलमतात." असं बोलायचा आणि बसलेले सगळे हसायचे. मी काही बोललो तर कुणी हसत नसे. मी हसण्यासारखं बोलत नाही, हे खरं, पण राग यायचा.

कुणी मेलं की बोलवायला जायच्या आधी हा तिथं हजर. दुःखाच्या घरी जाऊन फोटो मागायचा. मला वाटायचं, एखाद्या दिवशी ह्याला कुणीतरी चपलेनं हाणील. बोरीला आमच्या आत्याच्या घरी तसं व्हायला आलंही होतं. आत्याचा नवरा वारला, आम्ही दोघं बसायला गेलो. दहावासुद्धा झाला नव्हता. मुंजानं भिंतीवरचा त्या माणसाचा एकुलता एक फोटो मागितला. आत्याचा लेक उठलाच. पण आत्या म्हणाली, ने बाबा, पण तेराव्याच्या आत आणून दे, मला ह्याच्यापुढं दिवा लावायचाय. तेरावा आला तवा एसटीचा संप. मी म्हणलं, आता कळंल. तर हा दुधाच्या टेम्पोत बसून, मांडीवर फोटो धरून बोरीला गेला. जुना फोटो पुसून, नवी काच घालून, आणि वरून त्याची एक नक्कल लेकाच्या हातात. तवापासून आत्या कुणालाही सांगायची, आमचा मुंजा म्हणजे सोनं. मी पण तिचा तेवढाच सख्खा भाचा, मी पण तिथं बसायला गेलो होतो. माझं नाव कधी निघालं नाही.

त्याच बोरीच्या बाजारातली एक गोष्ट सांगतो म्हणजे माणूस कसा होता ते कळंल. आम्ही भजे खायला बसलो. भजे पेपराच्या तुकड्यात बांधून मिळाले. मी खायला लागलो, मुंजा वाचायला लागला. वाचता वाचता त्याचं तोंड असं झालं जसं काही भज्यात खडा आला. तुकड्यावर आमच्या भावकीतल्या एका पोरानं तालुक्याची कुस्ती मारल्याची बातमी होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी फाटून दुसऱ्या कुणाच्या भज्याखाली गेलेली. हा उठला, बाकड्यावरच्या अनोळखी माणसाजवळ गेला आणि म्हणाला, पाव्हनं, तुमचे भजे जरा दुसरीकडं घ्या, तुमच्या हातात माझा पुतण्या हाय. तो माणूस पुऱ्या बाजारात वेडा भेटला म्हणून सरकून बसला. मुंजानं त्याला गरम भज्याची नवी पुडी आणून दिली आणि तेलकट कागद घेतला. घरी आणून त्याच्यावर पावडर टाकली, वरून वरवंटा ठेवला, तेल ओढून घेतलं, दोन्ही तुकडे जोडले. पेपरात पोराचं नाव चुकीचं छापलं होतं. मी म्हणलं, खोडून नीट कर. तो म्हणाला, जे छापलं ते छापलं, आपण मागं लिहू. आणि मागं पेन्सिलनं खरं नाव लिहिलं.

आता माझं सांगतो. मुंजा गावी यायच्या आधी भावकीचं काहीही अडलं तर लोक माझ्याकडं यायचे. कुणाची सोयरीक जुळते, कुणाची नात्यात आडवी येते, मांडवात आधी पटका कुणाला बांधायचा, कुठल्या घराचं मूळ कुठल्या गावचं, हे मला तोंडपाठ. मेंढरांमागं चालता चालता काकानं सांगितलेलं, मी मुखात ठेवलेलं. सात पिढ्या न थांबता सांगतो. मग मुंजाच्या संदुका आल्या. निजामाच्या वेळचे उर्दूतले कागद त्यानं कुठून कुठून आणले, बोरीच्या एका हाफीजसाहेबांकडून वाचून घेतले. जातीच्या दाखल्याला जुना कागद लागायला लागला तशी लोकांची रांग त्याच्या दारात. माझ्या तोंडातल्या सात पिढ्या सरकारला चालत नव्हत्या. त्याच्या संदुकीतलं एक पिवळं चिटोरं चालायचं.

त्यातून तो मला मान द्यायचा, ते जास्त लागायचं. मांडवात वाद निघाला, मी काही सांगितलं, की लोक मुंजाकडं बघायचे. तो चष्मा वर करून फाईल चाळायचा आणि म्हणायचा, "दादा म्हणतो ते बरोबर हाय." म्हणजे मी पास. जन्मभर जे मी सांगत आलो ते बरोबर आहे की नाही हे आता तो सांगणार.

पण खरी जळण ह्याच्याही खालची आहे. ती सांगायची तर आमच्या बापांचं सांगावं लागतं.

माझा बाप सटवाजी थोरला, त्याचा बाप लिंबाजी धाकटा. सख्खे भाऊ, मेंढरं एकत्र. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरायचं, लोकांच्या वावरात मेंढरं बसवायची, त्यांच्या जमिनीला खत, आपल्याला धान्य. आठ-आठ महिने घर नाही. एका साली माझ्या बापाच्या छातीत बिघाड झाला. तो घरी राहिला आणि त्याच्या जागी काकासोबत मला धाडलं. शाळेतून उठवून. मुंजा अंगानं किरकोळ होता म्हणून तो घरी आणि शाळेत राहिला. त्या हिवाळ्यात माझा बाप गेला. आम्ही कुठल्या गावच्या शिवारात आहोत हे शोधत सांगावा येईस्तोवर इकडं सगळं उरकलं होतं. मडकं मुंजानं धरलं. अग्नी त्यानं दिला. लेक जवळ नसला तर पुतण्यानं द्यायची रीत आहे, त्यात वावगं काही नाही. पण भावकीतल्या बाया अजून सांगतात, एवढंसं लेकरू, पण मडकं हाललं न्हाई. मी ते ऐकतो आणि उठून जातो.

माझ्या बापाचा एकही फोटो नाही. त्या काळी फोटोसाठी मानवतला जावं लागायचं आणि मेंढरांमागच्या माणसाला त्याचं काय काम. लिंबाजीकाका पुढं लय वर्षं जगला, त्याचे मतदानाच्या कार्डापासून लेकीच्या लग्नापर्यंतचे फोटो आहेत. मुंजानं आपल्या बैठकीत एका मोठ्या फळीवर वंशावळ केली होती. प्रत्येक नावाशेजारी फोटो. माझ्या बापाच्या नावाशेजारी नुसती चौकट. जो येई तो तिथंच बोट ठेवी. हा मोकळा कामून हो? मुंजा सांगायचा, फोटो न्हाई. लोक म्हणायचे, आरारा. मला वाटायचं, माझा बाप जन्मलाच नव्हता, असं हे बोट सांगायलाय.

एक दिवस मुंजा माझ्या आखाड्यावर, वावरातल्या गोठ्यावर आला. मी मेंढरांचे खूर बघत होतो. म्हणाला, मानवतला एक वसीमभाई म्हणून फोटोवाला आहे. ज्याचा फोटोच नाही त्याचा तो लेकाच्या तोंडावरून तयार करतो. लेकाला बसवायचं, कॉम्पुटरवर तोंड म्हातारं करायचं, मिशी चढवायची, पटका चढवायचा. सगळा गाव म्हणतो तू सटवाजीकाकावर गेलास. तू फक्त बैस. मी म्हणलं, जा. तो म्हणाला, तेवढी एक चौकट भरली की माझं काम झालं. मी म्हणलं, "तुझं काम व्हावं म्हून माझा बाप मेला न्हाई." तो पावडरीचा वास मागं ठेवून निघून गेला. मला वाटलं, संपलं.

मुंजाचं असं कधी संपत नसे.

पुढच्या चैतात आमच्या भावकीचं देवकार्य होतं. शिवारातल्या बिरोबापुढं मांडव, दोन बोकड, जेवणं, लेकी-सुना सगळ्या गोळा. मुंजानं मांडवाच्या एका बाजूला दोरीवर फोटो लावले होते आणि टेबलावर मोठ्या तसबिरी मांडल्या होत्या. मी बोकडाच्या मागं होतो, मला यायला उशीर झाला. आलो तर बाया टेबलापुढं रांगेनं कुंकू लावायल्या, झेंडूचे हार घालायल्या. आमच्याकडं चौकटीत बसला तो गेलेला, मग त्याला हार-कुंकू, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मी पण पाया पडावं म्हणून पुढं झालो आणि बघतो तर लिंबाजीकाकाच्या शेजारी मी. माझंच तोंड. डोक्याला मोठा लाल पटका, पांढरी भरघोस मिशी, अंगात कोट, कपाळावर कुंकवाचा टिळा, गळ्यात हार. माझी धाकटी सून डोकं टेकून नमस्कार करायलेली.

देवगाव फाट्याची गिरजाबाई, आमची चुलतबहीण, तिला नीट दिसत नाही. तिनं तसबिरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत तसबिरीकडं. मग माझा हात धरून म्हणाली, "रामकिशन, तू कवा गेलास रे? मला कुणी सांगावासुद्धा धाडला न्हाई."

मांडव हसून लोळला. मी तो हार ओढून काढला. मुंजा मधी आला, म्हणाला, "दादा, ते तू न्हाईस. ते काका हायत." मी बसायला गेलो नाही म्हणून त्यानं माझ्या पोराच्या लग्नातला माझा फोटो वसीमभाईला नेऊन दिला होता. खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, कै. सटवाजी. मी सगळ्यांसमोर म्हणलं, माझा बाप म्हणून मलाच टांगलंस, आणि मला जित्यापणी हार घातलास, तुझी मजल इथवर गेली. आणि कोट? माझा बाप कोट घालून मेंढरांमागं गेला का? मुंजा खाली मान घालून ऐकत होता. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, "मग खरे कसे होते ते सांग. तसं करून आणतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगणार, मला तर सात पिढ्या पाठ.

माझ्या बापाचा खोकला मला आठवतो. त्याच्या घोंगडीचा वास आठवतो. तो मेंढरांना कसा हाळी द्यायचा ते मी आत्ता देऊन दाखवतो. त्याच्या हाताची दोन बोटं वाकडी होती. पण तोंड? मी त्या मांडवात उभ्या उभ्या शोधलं आणि जिथं ते असायला पाहिजे तिथं काहीच नव्हतं. मी म्हणलं, सांगणार न्हाई. आणि जेवण न करता घरी आलो. लोक म्हणाले, रामकिशन हट्टी आहे. हट्टी आहेच. पण त्या दिवशी माझ्याजवळ द्यायलाच काही नव्हतं, हे कुणाला कळलं नाही.

त्याच्यापुढं एक वाईट झालं. बापाला आठवायला गेलो की तेच तोंड समोर यायला लागलं. माझंच, हार घातलेलं, कोटातलं. खोकला पण त्याच तोंडातून यायला लागला. मुंजानं माझा बाप तर नेलाच होता, आता त्याची मोकळी जागासुद्धा भरून टाकली. तोंड नसलेला बाप बरा होता, तो निदान माझा होता.

मग मीच त्याच्या घरी गेलो. लय वर्षांनी त्याचा उंबरा चढलो. म्हणलं, "चल मानवतला. ते घाण तोंड मोड आन् नीट कर." त्यानं कामून, कसं, काही विचारलं नाही. टोपी घातली, पिशवी घेतली आणि निघाला. सेलूला गाडी बदलली. सगळ्या वाटेनं मी खिडकीतून बघत होतो आणि तो पिशवीतले कागद लावत होता.

वसीमभाई पोट सुटलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. पडद्यावर ती तसबीर काढली. आधी कोट उतरवला. मग म्हणाला, बोलो चाचा. मुंजा माझ्याकडं बघत राहिला. मी काही बोलत नाही असं दिसल्यावर खुर्ची पुढं ओढून तो सांगायला लागला. कपाळ एवढं मोठं नव्हतं. डावा डोळा उजव्याहून बारीक. गालफडं बसलेली. वरच्या ओठाला, मिशीच्या खाली, जुन्या जखमेची रेघ. कान डोक्याला चिकटलेले. हनुवटी हसताना डावीकडं जायची. सांगता सांगता त्याचं बोट पडद्यावर असं फिरत होतं जसं काही तो ते तोंड चाचपायलाय.

मी विचारलं, तुला हे कसं म्हाईत?

तो म्हणाला, "मी त्यांच्यापशी होतो दादा. सकाळी ओट्यावर उन्हाला बसायचे. मी पाटी घेऊन म्होरं. धडा वाचून दाखव म्हणायचे. एक ओळ झाली की म्हणायचे, परत वाच. मला वाटायचं माझं चुकायलंय. चुकत नव्हतं. त्यांना गोड लागायचं."

तो धडा मी वाचायचा होता. दुसरीपर्यंत मला पण अक्षर येत होतं. मी म्हणलं, माझा बाप तू खाल्लास, त्याला अग्नी तू दिलास, आता त्याचं तोंडसुद्धा तुझ्याकडंच. माझ्याकडं काय ठेवलंस?

वसीमभाईनं पडद्यावरची नजर काढून घेतली. मुंजानं चष्मा काढला. त्या माणसाला मी जन्मात आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी पण चढवला नाही.

"तुला माझा बाप मिळाला की," तो म्हणाला. "आठ-आठ म्हैने. एका घोंगडीत निजायचास, एका ताटात जेवायचास. तू तोंडपाठ सांगतोस त्या सात पिढ्या त्यानं कुणाला सांगितल्या? तुला. मी नोकरीला लागलो तरी तो मेंढरांमागंच होता, आन् संगं तू. मला तो कवा भेटला? दिवाळीला. मी घरात येऊन आधी भिंतीवर बगतो ते उगं न्हाई दादा."

मी म्हणलं, "तुझ्या बापाचं घोरणं ऐकलंस का कवा? मेंढरं वाघुरीच्या जाळीतून उठून पळायची. सुखी होतास." तो हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, घोरणं कसं होतं, सांग की. मग मी त्या फोटोच्या दुकानात, खुर्चीत बसून, त्याच्या बापासारखा घोरून दाखवला. मुंजा डोळे मिटून ऐकत होता. वसीमभाईचं गिऱ्हाईक दारातून परत गेलं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की माझ्याजवळ पण काहीतरी होतं आणि ते बघून कुणीतरी जळत होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तसबीर मात्र जमली नाही. मुंजा म्हणेल ते वसीमभाई करायचा, आणि मी म्हणायचो, न्हाई. डोळा बारीक केला, न्हाई. गाल बसवले, न्हाई. आठवत तर काही नव्हतं, पण समोर होतं ते बाप नाही एवढं कळत होतं. ते तुकडे होते. शेवटी वसीमभाई म्हणाला, "चाचा, तुम दोनो पहले घर जाके एक बाप ठरवो, फिर आओ." मुंजा म्हणाला, पुढच्या बाजारी येऊ. आम्ही उठलो.

पुढचा बाजार झालाच नाही. मुंजाला दम लागायला लागला. अंगणातून बैठकीपर्यंत आला तरी बसायचा. सेलूच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाचं आहे, जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्या. थोड्याच दिवसांत माणूस असा वाळला की टोपी कानावर यायला लागली. मी रोज जायचो. बघायला जातो असं म्हणत नव्हतो, शेजारच्या पारावर बसायला म्हणून जायचो. तो खाटेवर पडल्या पडल्या सुनीताकडून संदुकीतले फोटो एक एक काढून घ्यायचा, आणि ज्याच्या मागं काही लिहिलेलं नसेल तो मला दाखवायचा. हा कोण रे दादा? मी सांगायचो. सुनीता लिहायची. आता पास-नापास काही नव्हतं, मी सांगेन ते लिहिलं जात होतं. पण त्यातही मला कळायचं की हा मला रिकामा करून घ्यायलाय. जायच्या आधी माझं सगळं ह्याला पेटीत पाहिजे.

त्याला जालन्याला न्यायच्या दिवशी मी देवगाव फाट्यावर गेलो. मेंढरांचं औषध आणायचं होतं. सुनीता त्याला घेऊन जालन्याच्या गाडीची वाट बघत लिंबाखाली बसली होती. लिंबाची पानं झडलेली, सावली नावाला. मुंजाच्या टोपीतून घाम गळत होता. मी टोपी काढून सुनीताच्या पिशवीत टाकली, माझ्या डोक्याचा पटका सोडला आणि त्याच्या डोक्याला बांधला. त्याला बांधता येत नव्हता, कारकुनी केलेला माणूस. मी बांधेपर्यंत लेकरासारखा मान खाली घालून बसला. म्हणाला, "आवळू नगंस लय." मी म्हणलं, गप बैस.

गाडी आली. सुनीतानं त्याला चढवलं, खिडकीला बसवलं आणि आतल्या बाजूला सामान लावायला लागली. ड्रायव्हर चहाला उतरला. मी खाली, रस्त्याच्या कडेला, ऊन तोंडावर. मुंजानं काच सरकवली आणि माझ्याकडं बघितलं.

गालफडं बसलेली. दाढी चार दिवसांची, पांढरी. डावा डोळा उन्हानं बारीक झालेला. पटक्याखाली कपाळ लहान. तो काहीतरी बोलला, गाड्यांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि हसताना हनुवटी डावीकडं गेली.

तो माझा बाप होता. ओट्यावर उन्हाला बसलेला, सगळाच्या सगळा. तुकडे नाहीत, जोडलेलं नाही. जन्मभर शोधून सापडलं नाही ते तोंड लाल बसच्या खिडकीत होतं आणि माझ्याकडं बघत होतं. सगळा गाव म्हणायचा, रामकिशन बापावर गेलाय. गाव खोटं बोलत होतं. बापावर मुंजा गेला होता. तोंडसुद्धा त्याच्याच वाट्याला. तेवढ्या घटकेला, तिथं त्या रस्त्यावर, मला रडू यायला पाहिजे होतं, पण पोटात आग पडली. हे पण ह्यालाच.

सुनीताच्या हातात मोबाईल होता. एक शब्द बोललो असतो तर तिनं फोटो काढला असता. मग तो पण मुंजाच्या संदुकीत गेला असता, मागं पेन्सिलनं नाव लिहून. मी बोललो नाही. सुनीता, हे तू वाचशील तवा तुला राग येईल, येऊ दे. तू विचारलंस सटवाजीच्या पानावर काय लावू. काही लावू नको. चौकट मोकळी ठेव. लोकांना बोट ठेवू दे.

ड्रायव्हर चहा पिऊन आला, गाडी हलली. मुंजा बघतच होता. मी हात वर केला नाही. मी केला असता तर त्यानंही केला असता, आणि तेवढं तोंड हाताआड गेलं असतं.